चारऐवजी दोनच: शॉटगनचं मॅगझिन कमी काडतुसं घेतं तेव्हा

माहितीपुस्तिकेत ‘चार अधिक एक’ (मॅगझिनमध्ये चार, चेंबरमध्ये म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या घरात एक) लिहिलेलं असतं आणि मॅगझिनमध्ये दोनच काडतुसं जातात. अमेरिकेत जुनी, आधी कुणी वापरलेली सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन विकत घेणाऱ्यांकडून ही तक्रार हमखास येते. बरेच जण त्यावर थेट मॅगझिनचं झाकण उचकटायला बसतात. आमचं म्हणणं असं की आधी मोजायचं आणि मग खोलायचं. ट्यूब मॅगझिनची, म्हणजे बंदुकीच्या नळीखालच्या काडतुसांच्या नळीची, क्षमता हा सरळ लांबीचा हिशेब आहे. टॉर्चमधल्या सेलसारखी काडतुसं एकामागे एक बसतात. जागा कुठे खर्ची पडतेय हे मिलिमीटरमध्ये कळलं, की हत्यार हातात घेण्याआधीच निम्मा उलगडा झालेला असतो.

इथे ज्या बंदुकीबद्दल लिहितोय ती रेमिंग्टन ११००. १२ बोअर, पावणेतीन इंची चेंबर, गॅसवर चालणारी, म्हणजे बार उडाल्यावर निघणाऱ्या वायूच्या दाबाने पुढचं काडतूस आपोआप भरणारी. १९६३ साली बाजारात आलेलं हे मॉडेल अमेरिकेत जागोजागी सापडतं, आणि जुनी बंदूक म्हणजे तिच्यावर आधीच्या मालकांचे हात फिरलेले असतात. तक्रार एवढीच होती: मॅगझिनमध्ये दोन, चेंबरमध्ये एक, तिसरं काडतूस मॅगझिन घेतच नाही.

सुरुवात बंदूक रिकामी करण्यापासून. बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) मागे ओढून अडकवला, चेंबरमध्ये करंगळी घालून पाहिली, मॅगझिनच्या तोंडाशीही बोट घालून पाहिलं. नुसत्या नजरेवर भरवसा ठेवू नये. खालून फॉलोअर (काडतुसं आणि स्प्रिंग यांच्यामधली, काडतुसं मागे ढकलणारी टोपी) दिसतोय असं वाटतं आणि प्रत्यक्षात तो काडतुसाचा पितळी तळ असतो. खरी काडतुसं टेबलावरच काय, त्या खोलीतही ठेवायची नाहीत. पुढची सगळी चाचणी डमीवर, म्हणजे दारू नसलेल्या नकली काडतुसांवर. डमी विकत आणल्या तर त्यांची लांबी आधी तपासून घ्या. काही डमी खऱ्या काडतुसापेक्षा आखूड असतात, आणि मग पुढचा सगळा हिशेब चुकतो.

आता काडतुसाची लांबी. पुष्कळांचा घोळ इथेच होतो. डब्यावर पावणेतीन इंच म्हणजे ७० मिलिमीटर छापलेलं असतं. ती लांबी बार उडाल्यानंतरच्या, तोंड उघडलेल्या पुंगळीची. न उडालेल्या काडतुसाचं तोंड चांदणीच्या घडीत आत दुमडलेलं असतं, त्यामुळे ते साधारण ५८ ते ५९ मिलिमीटरच भरतं. आम्ही व्हर्निअर लावला तेव्हा आमचं साधं छऱ्यांचं काडतूस ५८.५ मिलिमीटर निघालं. तोंड गोल वळवून बंद केलेली काही स्लग काडतुसं (छऱ्यांऐवजी एकच मोठी गोळी असलेली) याहून लांब असतात. त्यातलं एक ६१ मिलिमीटर भरलं. तीन इंची काडतूस न उडालेलं असताना साधारण ६५, तर साडेतीन इंची ७६-७७ मिलिमीटर असतं. एकाच ट्यूबमध्ये एका जातीची चार बसतात आणि दुसऱ्या जातीची तीनच, याचं कारण हेच. त्यात बिघाड काहीच नसतो.

एक धोक्याची सूचना इथेच देतो. तीन इंची काडतूस मॅगझिनमध्ये छान बसतं, पावणेतीन इंची चेंबरमध्येही जातं, कारण दुमडलेलं असताना ते आखूडच असतं. पण बार उडाला की तोंड उलगडायला पुढे जागा नसते आणि दाब धोकादायक वाढतो. नळीवर कोरलेला आकडा वाचल्याशिवाय क्षमतेचा विचारसुद्धा करू नये. तसंच २० बोअरचं काडतूस १२ बोअरच्या जवळपास फिरकू देऊ नये. ते चेंबरमधून घसरून नळीत पुढे अडकतं. मागून १२ बोअरचं भरून चाप ओढला तर नळी फुटते. २० बोअरची पुंगळी पिवळी ठेवतात ती यासाठीच.

मोजण्याची आमची रीत साधी आहे. मॅगझिन डमीने भरायचं. जी डमी खिटीत (मॅगझिनच्या तोंडाशी काडतूस अडवून धरणाऱ्या पट्टीत) अडकत नाही ती अंगठ्याने ढकलता येईल तितकी आत ढकलायची आणि किती मिलिमीटर आत गेली त्यावर पेन्सिलीने खूण करायची. दोन डमी अडकल्या, तिसरी २० मिलिमीटर आत जाऊन टणक थांबली. म्हणजे वापरता येणारी लांबी ११७ अधिक २०, एकूण १३७ मिलिमीटर. तीन काडतुसांना १७५.५ लागतात आणि चारांना २३४. कमी पडणारा आकडा आता हातात आला.

थांबणं कसं आहे हेही अंगठ्याला कळतं. भिंतीवर आदळल्यासारखं टणक थांबलं तर फॉलोअरमागे काहीतरी घन वस्तू आहे. स्प्रिंग आधी जड होत होत मग थांबली तर वेढे एकमेकांवर टेकलेत. खरखर लागून मधेच अडकलं आणि जरा हलवल्यावर पुढे सरकलं तर घाण, गंज किंवा ट्यूबला पोचा. आमच्या बंदुकीत थांबणं टणक होतं.

आणखी एक गोष्ट खोलण्याआधी पाहून घ्यायची. न अडकणारं काडतूस शेवटचंच आहे की पहिलंही आहे? पहिलंच काडतूस आत ढकलून सोडल्यावर परत बाहेर येत असेल तर लांबीशी त्याचा संबंध नाही. काडतूस अडवणारी खिटी झिजलीय, वाकलीय किंवा तिच्याभोवती जळकी दारू साचून ती परत बाहेर येत नाहीये. पहिली दोन-तीन पक्की बसतात आणि शेवटचंच परततं, तेव्हा जागेचा प्रश्न. ही एक तपासणी पुष्कळ वेळ वाचवते. आणि भरण्याची पद्धतही बघून घ्यावी. ११०० मध्ये बोल्ट बंद असताना कॅरिअरवरचं (काडतूस चेंबरच्या पातळीला उचलणाऱ्या तळाच्या पट्टीवरचं) बटण दाबून कॅरिअर वर सारायचा आणि खिटीचा ‘टिक्’ आवाज येईपर्यंत काडतूस अंगठ्याने आत न्यायचं. अर्ध्यावर सोडलं तर ते मागे सरकून कॅरिअरवर येतं, आणि माणूस समजतो मॅगझिन भरलं.

मग खोललं. डोळ्यांवर चष्मा. बोल्ट मागे अडकवलेला ठेवून पुढची टोपी फिरवून काढली, फोरएंड (नळीखालची हाताने धरायची मूठ) पुढे सरकवून बाजूला ठेवला, नळी सरळ पुढे ओढून काढली. नळी निघाली म्हणजे बंदूक आता उडूच शकत नाही, क्षमतेचं काम नळी काढूनच करण्यामागचा हा मोठा फायदा. पण नळी नसताना बोल्ट सोडून द्यायचा नाही. पुढे अडवायला काही नसल्यामुळे बोल्टची मूठ रिसीव्हरवर (बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या पेटीवर) आदळून दोन्हींचं नुकसान होतं. मूठ धरून हळूच पुढे न्यावा. ट्यूबवर बसलेली ओ-रिंग, तिच्यामागचा पिस्टन आणि त्याची रिंग कुठल्या क्रमाने आणि कुठल्या तोंडाने बसली होती त्याचा फोटो काढून घ्या. क्षमतेशी त्यांचं देणंघेणं नाही, पण उलटी बसवली तर बंदूक पुढचं काडतूस उचलायचं बंद करते आणि दोष मॅगझिनवर येतो.

ट्यूबच्या टोकाला दाबून बसवलेलं वाटीसारखं झाकण असतं, त्याच्यामागे स्प्रिंग ताणाखाली. एका हाताने जाड फडकं झाकणावर दाबून धरलं आणि पसरट स्क्रूड्रायव्हरने आलटूनपालटून दोन बाजूंनी थोडं थोडं उचकटलं. एकाच बाजूने जोर लावला तर झाकण तिरकं होऊन ट्यूबच्या कडेला ओरखडे पाडतं. तोंड झाकणासमोर कधीच आणू नका. फडकं निसटलं तर स्प्रिंग खोलीच्या पलीकडे जाते.

आत लाकडी दांडी होती. प्लग म्हणतात तो हाच. स्प्रिंगच्या पोटात बसतो, काडतुसं भरताना फॉलोअर पुढे सरकून त्यावर टेकतो आणि पुढची जागा संपते. टणक थांबण्याचं कारण सापडलं. तो तिथे का असतो हेही समजून घ्यावं. अमेरिकेत स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या शिकारीला बंदुकीत एकूण तीनच काडतुसं मावली पाहिजेत, मॅगझिनमध्ये दोन आणि चेंबरमध्ये एक. हा नियम १९३५ पासूनचा. रानबदकं, हंस आणि होलेसुद्धा त्यात येतात. प्लग एकसंध हवा आणि बंदूक खोलल्याशिवाय तो निघता कामा नये. म्हणून अनेक बंदुका कारखान्यातूनच प्लग घालून येतात आणि घेणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. आम्हाला हा नियम मनापासून पटतो. बर्फाळ हंसांची (स्नो गूज) संख्या कमी करण्यासाठी १९९९ पासून जो खास हंगाम दिला जातो त्यात प्लगविना बंदूक चालते, पण त्या तारखा आणि ती राज्यं वेगळी. क्ले टार्गेटसाठी, म्हणजे हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवरच्या नेमबाजीसाठी, प्लगची गरज नाही.

प्लग काढला, झाकण परत बसवलं, पुढची टोपी घट्ट केली आणि पुन्हा डमी भरल्या. आता चार जायला हव्या होत्या. तीन बसल्या, चौथी ३१ मिलिमीटर आत जाऊन थांबली. निम्म्याहून थोडी जास्त. आणि या वेळचं थांबणं वेगळं होतं: स्प्रिंग जड होत होत शेवटी गच्च. वापरता येणारी लांबी १७५.५ अधिक ३१, म्हणजे साधारण २०६.५ मिलिमीटर. २७.५ मिलिमीटर कमी.

पुष्कळांची गाडी इथेच अडते. एक कारण सापडलं की दुसरं असेल असं वाटत नाही. मग लोक फॉलोअर घासतात, झाकण घासतात, किंवा चौथं काडतूस जोर लावून कोंबतात. कोंबलेलं काडतूस खिटीवर इतका दाब देतं की बोल्ट मागे आल्यावर खिटी सुटतच नाही, आणि प्लास्टिकची पुंगळी मधोमध फुगते. प्लग होता तोवर फॉलोअर त्यावर टेकत होता. स्प्रिंगचे वेढे एकमेकांवर टेकण्याची वेळच येत नव्हती. म्हणून दुसरा दोष पहिल्यामागे दडून राहिला होता.

स्प्रिंग परत काढून वेढे मोजले: ५२. तारेची जाडी १.३ मिलिमीटर. पूर्ण दाबल्यावर वेढ्याला वेढा टेकला की स्प्रिंगची लांबी म्हणजे वेढे गुणिले तार, ६७.६ मिलिमीटर. त्याहून कमी ती होऊच शकत नाही. ही स्प्रिंग कुणीतरी जोडनळी लावलेल्या, जास्त काडतुसांच्या मॅगझिनसाठी आणलेली होती. जोडनळी नंतर काढून टाकली आणि स्प्रिंग तशीच राहिली. साध्या ट्यूबसाठी आम्ही नवी घेतली तिचे वेढे २८, तार तेवढीच जाड. दाबल्यावर ३६.४ मिलिमीटर. फरक ३१.२. हवे होते २७.५. हिशेब बसला, आणि डमीही बसल्या: चार पक्क्या, वर साडेतीन-चार मिलिमीटरची सूट.

ती सूट किती अपुरी आहे ते लगेच कळलं. ६१ मिलिमीटरची स्लग काडतुसं चार घातली तर २४४ लागतात, आणि आपल्याकडे २३७-२३८ आहेत. त्यामुळे ती तीनच जाणार. असं झालं तर बंदुकीत बिघाड शोधत बसू नये.

लांब स्प्रिंग कापून चालेल का, असं विचारलं जातं. चालते, पण योग्य लांबीची स्प्रिंग स्वस्त मिळते, तेव्हा कापायच्या भानगडीत न पडणं बरं. कापायचीच असेल तर एका वेळी दोन वेढे, आणि प्रत्येक वेळी पूर्ण भरून पाहायचं. स्प्रिंग ट्यूबमध्ये सैल सोडल्यावर साधारण २० ते ३० सेंटिमीटर बाहेर राहिली पाहिजे. त्याहून आखूड झाली तर शेवटचं काडतूस रेंगाळत येतं आणि बोल्ट रिकाम्यावरच बंद होतो. कापलेलं धारदार टोक झाकणाच्या बाजूला ठेवायचं. फॉलोअरमध्ये बंद वेढ्याचंच टोक गेलं पाहिजे, नाहीतर टोक फॉलोअरला तिरकं करतं आणि तो ट्यूबमध्ये रुतून बसतो.

फॉलोअरही पाहून घेतला. मूळचा होता, ठीक होता. बाजारात रंगीत, लांब शेपटाचे फॉलोअर मिळतात. ते सरळ चालतात हे खरं, पण शेपटाची लांबी क्षमतेतून जाते. स्प्रिंग त्या शेपटाच्या आत दाबून बसत असेल तर नुकसान कमी, शेपटाच्या मागे टेकत असेल तर पूर्ण. बदलण्याआधी जुना आणि नवा शेजारी ठेवून मोजावेत.

ट्यूब आतून पाहायला दुसऱ्या टोकाकडून टॉर्च मारला. १२ बोअरच्या काडतुसाच्या तळाची कड साधारण २२.५ मिलिमीटर असते आणि ट्यूबमध्ये तिला थोडीच सूट असते. पट्टा लावायचा क्लॅम्प जास्त आवळला की ट्यूबला बारीक पोचा येतो, बाहेरून हाताला लागत नाही, पण कड तिथे अडकते. चाचणी अशी: स्प्रिंग-फॉलोअर काढून ट्यूब उभी धरायची आणि पुढच्या तोंडातून डमी आत सोडायची. नुसत्या वजनाने ती खाली घसरली पाहिजे. कुठे थबकली तर तिथेच पोचा किंवा गंज. आमची घसरली. फडकं दांडीला गुंडाळून काढलं तेव्हा मात्र काळपट चिकट थर निघाला, जुन्या तेलाचा. ट्यूब आतून कोरडी ठेवावी. तेल घातलं की दारूची काजळी त्यात कालवली जाते, आणि थंडीत तो थर घट्ट होऊन फॉलोअर संथ होतो. गंज राहू नये म्हणून तेलाचं फडकं फिरवायचं आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचं.

ज्यांच्या बंदुकीला जोडनळी आहे त्यांनी सांधाही पाहावा. जोडनळी पूर्ण आवळलेली नसेल तर फॉलोअरची कड फटीत अडकते, आणि आकडा बरोबर सांध्यावर येऊन थांबतो. कितव्या काडतुसाला अडतं आणि सांधा किती मिलिमीटरवर आहे हे ताडून पाहिलं की कळतं. तसंच काही नव्या बंदुकांच्या ट्यूबला आतून उमटवलेले उंचवटे असतात. ते मुद्दाम दिलेले असतात आणि साध्या झाकणाला धरून ठेवतात. त्यांना दोष समजून घासू नका.

प्लग आम्ही फेकला नाही. सप्टेंबरात होल्यांचा हंगाम सुरू झाला की तो परत घालायचाच आहे. पण त्याची लांबी बरोबर आहे का हेही मोजलं. प्लग घातल्यावर उरणारी जागा वापरातल्या सर्वांत लांब काडतुसांच्या दोनपटीहून जास्त आणि सर्वांत आखूडांच्या तिपटीहून कमी हवी. आमच्याकडे १२२ ते १७५ च्या मधे कुठेही चाललं असतं, होती १३७. साडेतीन इंची चेंबरच्या बंदुकीत ही पट्टी फार अरुंद होते. दोन साडेतीन इंची काडतुसांना १५४ लागतात आणि तीन पावणेतीन इंचींना १७५. तिथे प्लग दोन-अडीच सेंटिमीटरने आखूड झाला की तिसरं छोटं काडतूस आत जातं, आणि तपासनीसाने तेच घालून पाहिलं तर शिकारी कायद्यात सापडतो. म्हणून प्लगची चाचणी नेहमी आपल्याकडच्या सर्वांत आखूड काडतुसाच्या लांबीच्या डमीने करायची.

हे सगळं अमेरिकेतल्या कायद्याला धरून आहे, आणि तिथेही राज्याराज्यांत मर्यादा वेगळ्या. इंग्लंडमध्ये साध्या शॉटगन सर्टिफिकेटवर ठेवलेल्या सेमी-ऑटोचं मॅगझिन १९८८ च्या कायद्यानुसार दोनच काडतुसांचं आणि न निघणारं असावं लागतं. तिथे ट्यूब मुद्दाम चेपून बंद केलेली असते, आणि ती मोकळी करणं हा गुन्हा आहे. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुकीची दुरुस्ती करायला वेगळा परवाना लागतो. मोजणं आणि पुसणं घरी करा. झाकण उचकटण्यापासून पुढचं काम परवानाधारक बंदूक-कारागिराकडे न्यावं. त्याला मोजलेले आकडे लिहून दिलेत तर त्याचंही काम सोपं होईल.

शेवटची चाचणी रेंजवर, खऱ्या काडतुसांनी. आधी मॅगझिनमध्ये एकच भरून, मग दोन, मग चार. पूर्ण भरलेलं असताना पहिलं काडतूस खिटीतून सुटतंय का हे पाहायचं, कारण तेव्हा स्प्रिंगचा दाब सर्वांत जास्त असतो. शेवटचं काडतूस वेळेवर कॅरिअरवर येतंय का हेही पाहायचं, कारण तेव्हा तो सर्वांत कमी असतो. या दोन टोकांना चाललं की मधलं चालतंच. एक-दोन डबे उडवून झाले की बंदूक रिकामी करून टोपी काढावी आणि झाकण मूळ जागीच आहे, तिरकं झालेलं नाही, ओ-रिंगला चीर गेलेली नाही, एवढं बघून टोपी परत आवळावी.